न हलणाऱ्या डोक्याची मोजणी

डोकेवाल्या बाईंच्या खात्यात माणसं अकरा आणि डोकं एकच, असं त्या इमारतीत सगळे म्हणायचे. बाई ते हसून खपवून घ्यायच्या, कारण ते खरंच होतं. डोकं फायबरचं. लांबलचक टेबलाच्या फळीत कुशीवर झोपवलेलं आणि वरची बाजू कापून टबासारखं उघडं ठेवलेलं. त्यात बाई पाक ओतायच्या. पाणी, साखर, मीठ आणि घट्टपणासाठी एक पावडर, असा तोलूनमापून केलेला पाक की रेडिओ लहरींना वाटावं, आपण थेट माणसाच्या मेंदूतच शिरलो. खालून त्या डोक्याच्या गालाला मोबाइल लावायचा, पकडीत आवळायचा, पूर्ण ताकदीवर कॉल चालू करायचा. मग यंत्राचा हात विणायच्या सुईएवढी सळई पाकात बुडवून बोटभर-बोटभर सरकत मोजत जायचा की या मेंदूने फोनकडून किती ऊर्जा गिळली. किलोमागे दोन वॅट ही मर्यादा. आकडा खाली आला तर फोन दुकानात, वर गेला तर मुकाट्याने कारखान्यात परत.

त्या आकड्याखाली सही बाईंची. सव्वीस वर्षांत त्या डोक्याने इतकी साखर रिचवली होती की दोन गल्ल्यांपलीकडच्या मुंग्यांनी म्हणे आपली वारुळं उचलून प्रयोगशाळेच्या भिंतीत आणली. पण मनाला न पटलेल्या आकड्याखाली बाईंनी एकदाही पेन टेकवलं नव्हतं. एवढी एकच श्रीमंती त्यांच्याकडे होती, आणि त्या ती जपून वापरायच्या.

त्या मंगळवारी मोजायला आलेला फोन दिसायला देखणा होता. लिफ्टमध्ये, तळघरात, बोगद्यात, कुठेही रेंज जात नाही अशी त्याची जाहिरात महिनाभर आधीपासून चौकाचौकात झळकत होती. बाईंनी पाक ढवळला, तापमान पाहिलं, फोन गालाला लावून आवळला आणि मोजणी सुरू केली.

आता त्या पकडीचा एक स्क्रू गेली दोन वर्षं झिजलेला होता. नवीन मागवायचा तर सात सह्या लागत, म्हणून बाई तिथे मिठाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून खुपसायच्या. त्या दिवशी ओतताना पळीभर पाक ओघळला, पुठ्ठा भिजून लगदा झाला आणि पकड सैल पडली. एसीच्या घरघरीबरोबर फोन गालाखाली थरथरायला लागला. बाईंच्या ते लक्षात आलं तेव्हा मोजणी संपली होती आणि पडद्यावर आकडा होता दोन पूर्णांक सहा.

"अगं बाई!" म्हणत त्यांनी चष्मा पुसला. आकडा तोच राहिला.

त्यांनी कोरडा पुठ्ठा खुपसला, पकड घट्ट केली, पुन्हा मोजलं. शून्य पूर्णांक नऊ.

फोन जरा हलला तर आकडा थोडा इकडेतिकडे होतो, हे बाईंना माहीत होतं. पण थोडा. इथे तर तिपटीची बात होती. त्यांनी कागदावर दोन्ही आकडे लिहिले आणि साहेबांकडे नेले. साहेबांना सगळे बघूसाहेब म्हणत, कारण आग लागली असती तरी ते "बघू" म्हणाले असते.

"पहिली मोजणी चुकली," बघूसाहेब म्हणाले. "पकड सैल होती, तुम्हीच सांगताय. दुसरी बरोबर. शून्य पूर्णांक नऊ. सुंदर आकडा आहे. सही करून टाका."

"साहेब, पकड सैल झाली तर आकडा चुकेल. तिप्पट कसा होईल?"

"बघू."

"कधी बघू?"

"सही झाल्यावर."

बाई कागद घेऊन परत आल्या आणि सही न करताच घरी गेल्या.

घरात बाई आणि त्यांची नणंद, दोघीच. नणंदेचा आवाज असा खणखणीत की ती फोनवर बोलायला लागली की समोरच्या इमारतीतले लोक मधूनच उत्तरं द्यायचे. त्या संध्याकाळी तिचं मैत्रिणीशी चाललं होतं. फोन कान आणि खांद्यामध्ये दाबलेला, दोन्ही हातांनी चादरी घडी करणं चालू, बोलता बोलता या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या. पटलं की मान जोरात हलायची, नाही पटलं की त्याहून जोरात. बाई दारात उभ्या राहून तिच्या डोक्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"थांब गं जरा," नणंद फोनवर म्हणाली. "वहिनी, काय झालं? माझ्या केसांत काही आहे का?"

"वन्सं, तुम्ही बोलताना दहा मिनिटं न हलता राहू शकाल?"

"मेल्यावर राहीन."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता, आणि उजेडाच्या मागोमाग संताप.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पकड मुद्दाम सैल केली. आकडा दोन पूर्णांक सहा. घट्ट केली, शून्य पूर्णांक नऊ. मग त्यांना आणखी एक सुचलं. पकड घट्टच ठेवली, पण फोनचा कोन थोडा बदलला, जेमतेम दोन बोटं. फोन दगडासारखा स्थिर, तरी बाजूच्या मीटरचा काटा पूर्ण ताकदीवर. कोन पुन्हा नियमातल्यासारखा केला. काटा खाली लोळण घेऊन पडला. नियमातले कोन एकूण चार, बाईंनी चारही पाहिले. जगात लाखो कोन आहेत, आणि हा फोन नेमक्या या चार कोनांत, तेही अजिबात न हलता पडला असेल तरच शहाण्यासारखा वागत होता. म्हणजे प्रयोगशाळा आली की हा गृहस्थ ओळखत होता. साहेब आल्यावर कामाला लागणारे कारकून बाईंनी पुष्कळ पाहिले होते. तेच शहाणपण आता कुणीतरी फोनलाही शिकवलं होतं.

"लुच्चा!" बाई मोबाइलला म्हणाल्या. मग स्वतःलाच दुरुस्त केलं. "तू नाही रे. तुला शिकवणारा."

कंपनीचा माणूस त्याच दुपारी आला. त्याचे कपडे, केस, बोलणं, सगळं असं की कुठेही खडा लागू नये. बाईंनी त्याचं नाव मनातल्या मनात रेशीमराव ठेवून टाकलं. बघूसाहेबांच्या खोलीत चहा आला.

"बाई, ते वैशिष्ट्य आहे," रेशीमराव म्हणाला. "फोन स्थिर पडलेला असला की तो ताकद वाचवतो. टेबलावर, उशीजवळ. ग्राहकाच्या बॅटरीची काळजी."

"टेबलावर ठेवून पाहिला मी. पूर्ण ताकद. खिडकीत ठेवला, पूर्ण ताकद. कपाटावर ठेवला, पूर्ण ताकद. फक्त माझ्या फायबरच्या गालाखाली त्याला काळजी सुटते. टेबलाला गाल नसतो म्हणून का?"

रेशीमराव हसला. "योगायोग असतात."

"चार कोनांचे चार योगायोग? एकाच घरचे दिसतात."

बघूसाहेब खाकरले. "बाई, मोजणीच्या पद्धतीत फोन हलवा असं कुठे लिहिलंय का?"

"नाही."

"स्थिर ठेवा असं लिहिलंय?"

"हो."

"मग स्थिर ठेवल्यावर आलेला आकडा खरा की खोटा?"

"आकडा खरा आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला. "आकडा खरा आहे, फोन खोटा आहे! आणि हे बघा, दोन पूर्णांक सहाने कुणाचा मेंदू शिजत नाही, मला अक्कल शिकवू नका. जिथे शरीराला त्रास सुरू होतो, त्याच्या कितीतरी खाली आपण रेघ ओढलीय, ती सव्वीस वर्षं मीच सांगत आलेय. माझी नणंद फोनच्या मागे लावायला चकचकीत चकत्या घेऊन आली, लहरी अडवतात म्हणून, तेव्हा त्या मीच केरात टाकल्या. मी भीती विकत नाही. पण रेघ म्हणजे रेघ. ती पाळायची नसेल तर उघडपणे ओलांडा. मोजणारी समोर असताना मागे सरकायचं आणि पाठ वळली की पुढे, याला काय म्हणतात?"

"अभियांत्रिकी," रेशीमराव मऊपणे म्हणाला.

बघूसाहेब बाईंना बाहेर घेऊन आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही नाही केली सही, तर तो फोन उचलून समोरच्या रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत जाईल. तिथे दुपारच्या जेवणाआधी सही होते. फोन दुकानात जायचा तो जाणारच. फक्त आपलं गिऱ्हाईक जाईल, आणि तुमची रवानगी भट्ट्यांच्या खात्यात होईल. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारांतून गळणाऱ्या लहरी मोजत बसाल. विचार करा."

बाईंनी विचार केला. समोरच्या प्रयोगशाळेतला दाखला त्यांनी पाहिला होता. त्यात आकडा असायचा आणि आकड्याखाली 'मोजणीच्या अटी' या रकान्यात एकच वाक्य: प्रचलित पद्धतीनुसार. बाईंच्या स्वतःच्या दाखल्यातही सव्वीस वर्षं तेच वाक्य जात होतं. ते कुणी वाचत नसे. वाचायला त्यात होतं काय? पण नियमात स्पष्ट लिहिलेलं होतं की त्या रकान्यात मोजणी प्रत्यक्ष ज्या स्थितीत झाली ती जशीच्या तशी नमूद करावी, आणि ते कंपनीने फोनच्या पुस्तिकेत शब्दशः छापावं.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो रकाना भरला.

"सदर फोन ०.९ या आकड्याला पात्र आहे, जर वापरणाऱ्याने एका कुशीवर आडवे पडून, फोन गालाखाली ठेवून, नेमून दिलेल्या चार कोनांपैकी एकात, संपूर्ण कॉल संपेपर्यंत डोके, मान व जबडा न हलवता संभाषण केले. डोके, फोन अथवा दोन्ही हलल्यास, किंवा कोन बदलल्यास, हा आकडा लागू नाही. अशा स्थितीत येथे २.६ आढळला. मर्यादा २ आहे."

खाली सही केली. पूर्ण नावानिशी, तारखेसकट.

बघूसाहेबांनी दाखला हातात घेतला, आकड्यावर नजर टाकली, सही पाहिली आणि सुटकेचा इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद उडाले. "बघा, किती सोपं होतं!" ते म्हणाले. रेशीमरावानेही आकडा पाहिला, सही पाहिली, दाखला पाकिटात घातला. कारखान्यात छपाई करणाऱ्याने नियमाप्रमाणे अटींचा मजकूर उचलला आणि पुस्तिकेच्या एकसष्टाव्या पानावर बसवला. वाचला त्यानेही नाही. सगळ्यांची वर्षानुवर्षांची सवय होती ती, आणि बाईंचा भरवसा त्या सवयीवरच होता.

फोन दुकानात आला तेव्हा पहिल्या आठवड्यात चार लाख खपले. बाईंच्या घरात एक आला.

"वन्सं! तुम्ही हा घेतलात?"

"लिफ्टमध्ये रेंज जात नाही म्हणे."

"आपल्या इमारतीला लिफ्ट कुठे आहे?"

"उद्या बसवली तर?"

बाईंनी पुस्तिका उघडून एकसष्टावं पान नणंदेपुढे धरलं. नणंदेने ते एकदा मनात वाचलं, मग मोठ्याने वाचलं, म्हणजे समोरच्या इमारतीनेही ते ऐकलं. मग तिने फोन स्पीकरवर टाकून कंपनीची मदतवाहिनी लावली.

"नमस्कार, आपल्या सेवेत आनंद होतो. काय मदत करू?" पलीकडून एक गोड आवाज आला.

"बाळा, तुमचा फोन घेतलाय. मी आता कुशीवर पडलेय. बरोबर?"

"...हो, ताई."

"कुठल्या कुशीवर पडू, डाव्या की उजव्या?"

"ताई, मी समजले नाही."

"तुमच्या पुस्तकात लिहिलंय. पान एकसष्ट. आडवं पडून बोला म्हणता, ते ठीक. फोन गालाखाली, तेही ठीक. पण जबडा न हलवता बोलायचं कसं ते शिकव मला. तू कशी बोलतेस? पोटातून?"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग तो गोड आवाज एकदम माणसाचा झाला. "अरे देवा," ती म्हणाली. "माझ्याकडेही हाच फोन आहे."

हे सगळं समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी मोबाइलवर टिपलं. दोन दिवसांत ते गावभर झालं. ऑफिसातले लोक एकमेकांना फोन करून आधी विचारायचे, "पडलायस ना?" एक पोलीस चौकात रस्त्यावर आडवा होऊन वरिष्ठांशी बोलला, म्हणे नियम म्हणजे नियम. एका लग्नाच्या बोलणीत मुलाच्या वडिलांनी सतरंजी मागवली. चौथ्या दिवशी कंपनीची मदतवाहिनी इतकी तापली की बंद ठेवावी लागली, आणि पाचव्या दिवशी रेशीमराव प्रयोगशाळेत हजर. या वेळी केस विस्कटलेले होते.

"अट काढा," तो बसायच्या आधीच म्हणाला.

"अट काढते," बाई म्हणाल्या. "फोन बदला."

बघूसाहेब "बघू" म्हणणार होते, पण तेवढ्यात रेशीमराव बोलून गेला. "बदललाय. नवीन प्रोग्रॅम घालून आणलाय. कसाही हलवा, कुठल्याही कोनात ठेवा. दोन दिवसांचं काम होतं."

बाई पाक ढवळत होत्या. पळी हातातच थांबली.

"किती दिवसांचं?"

"दोन."

त्यांनी फोन पकडीत लावला. घट्ट करून मोजला, एक पूर्णांक सात. सैल करून मोजला, एक पूर्णांक सात. कोन बदलला, उलटा केला, गदागदा हलवला. एक पूर्णांक सात. मर्यादेच्या आत, आणि प्रामाणिक.

"बघितलंत?" रेशीमराव म्हणाला. "सगळं व्यवस्थित. फक्त लिफ्टमध्ये रेंजची एक दांडी कमी दिसते."

"एक दांडी," बाई म्हणाल्या. "एका दांडीसाठी तुम्ही चार कोन शोधलेत, हलतंय की नाही ते ओळखणारा प्रोग्रॅम लिहिलात, त्यावर डझनभर शिकलेली माणसं बसवलीत. त्याला किती दिवस लागले?"

"...आठ महिने."

"लबाडीला आठ महिने आणि सुधारायला दोन दिवस! म्हणजे पहिल्याच दिवशी सरळ वागला असता तर सात महिने अठ्ठावीस दिवस तुमची सगळी शिकलेली माणसं मोकळी असती. काहीतरी चांगलं केलं असतं त्यांनी. गाणी म्हटली असती!"

बघूसाहेबांनी त्यांच्यापुढे नवा दाखला सरकवला. "बाई, आता तर तक्रार नाही ना? आकडा खरा, फोन खरा. करा सही."

बाईंनी पेन उचललं, आणि खाली ठेवलं.

"घराघरात गेलेल्या चार लाखांचं काय?"

"त्यांच्यात नवीन प्रोग्रॅम आपोआप जाईल," रेशीमराव उत्साहाने म्हणाला. "फोन चार्जिंगला लावला की झालं. कुणाला कळणारही नाही."

"कुणाला कळणारही नाही," बाईंनी ते शब्द तसेच्या तसे उच्चारले, पण ते त्यांच्या तोंडून वेगळेच निघाले. "कळलंच पाहिजे. त्या चार लाखांना संदेश पाठवा. काय केलं होतं, का केलं होतं, आता काय बदललं. तो माझ्या वन्संच्या फोनवर आला की मी सही करीन. तोवर हे डोकं रिकामं ठेवते." आणि त्यांनी खालची तोटी उघडली. सगळा पाक भसाभसा बादलीत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेच्या फोनवर संदेश आला. तिने तो खिडकीत उभं राहून वाचला. "आपल्या अधिक चांगल्या अनुभवासाठी आम्ही काही सुधारणा केल्या आहेत."

बाईंनी कंपनीला एका ओळीचं पत्र धाडलं: कोणत्या वाईट अनुभवानंतर?

तिसऱ्या दिवशीचा संदेश लांब होता आणि त्यात 'कटिबद्ध' हा शब्द पाच वेळा होता. बाईंनी पाचही खोडून परत पाठवला. दुकानांत नव्या प्रोग्रॅमची खोकी पडून होती, पण नव्या दाखल्याशिवाय एकही विकता येत नव्हतं. समोरच्या प्रयोगशाळेनेही आता हात वर केले होते, कारण त्यांच्याकडे आलेला प्रत्येक माणूस आधी तुमचं डोकं हलवून दाखवा म्हणत होता.

सहाव्या दिवशी नणंदेने संदेश उघडला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात वाचला. "हा फोन प्रयोगशाळा ओळखून आपली ताकद कमी करत असे. इतर वेळी तो मर्यादेच्या वर जात असे. यातून इजा झाल्याचे आढळलेले नाही, परंतु हे आम्ही जाणूनबुजून केले होते. आता तसे होणार नाही. ज्यांना फोन परत करायचा आहे त्यांनी करावा."

"वहिनी, बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. पण त्यांचं कपाळ मोकळं झालं नव्हतं. "हेच लिहायला सहा दिवस, वन्सं. चार ओळी! यात एक तरी शब्द असा आहे का, जो त्यांना पहिल्या दिवशी ठाऊक नव्हता?"

त्या दिवशी त्यांनी सही केली. आठवडाभरात बघूसाहेबांनी त्यांची बदली भट्ट्यांच्या खात्यात केली, ओव्हनची दारं मोजायला. जाताना बाईंनी पकडीसाठी नव्या स्क्रूच्या अर्जावर सातही सह्या मिळवून आणल्या. मग भट्ट्यांच्या खात्यात जाऊन पहिल्या ओव्हनसमोर उभ्या राहिल्या, दार घट्ट बंद करून मोजलं, जरासं किलकिलं करून मोजलं, आणि तिथल्या कारकुनाला म्हणाल्या, "बंद दाराचा आकडा खरा आहे. पण घरात हे दार आपटतात, त्यावर फडकं लटकवतात, पोरं लोंबकळतात. आण एक फडकं. आणि लोंबकळणारं कुणी असेल तर तेही आण."

कारकून घाबरून साहेबांकडे पळाला. साहेब म्हणाले, "बघू."

"मी बघतेय," बाई दारातून म्हणाल्या. "तुम्ही फक्त फडकं पाठवा."